हेडफोनकर्ता नॅथॅनियल बाल्डविन

आमच्या विज्ञानशाळेतील कोपऱ्यातल्या कपाटाच्या तळच्या खणात एक जुनी कातडी पेटी पुष्कळ वर्षे पडून होती. गेल्या पावसाळ्यात विज्ञान-मंडळाच्या मुलामुलींनी ते कपाट आवरावयास काढले, तेव्हा त्या पेटीतून एक जुना हेडफोन निघाला. दोन काळ्या जड डब्या, त्यांस जोडणारी पोलादी पट्टी आणि कापडी वेष्टणाची, ठिकठिकाणी उसवलेली दोरी, असे त्याचे स्वरूप होते. करणाऱ्याचे नाव झिजून गेले होते. आज ज्याच्या त्याच्या कानात हेडफोन दिसतो. तेव्हा ह्या वस्तूचे मुलांस अप्रूप वाटावयाचे कारण नव्हते. परंतु अप्रूप वाटले खरे, आणि ते तिच्या वजनाचे. एवढे ओझे डोक्यावर चढवून माणसे तासन् तास कशी बसत असतील, असे एकीने विचारले. दुसऱ्याने विचारले की, ही वस्तू प्रथम कोणी केली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेडफोन डोक्यावर घालताच तिचे तिला मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहे.

तो हेडफोन बोलता करण्याच्या खटपटीस आम्ही लागलो आणि त्या निमित्ताने मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. टपालाची तिकिटे व जुनी नाणी जमविणारे लोक जसे जगात आहेत, तसे जुने हेडफोन जमविणारेही आहेत, हे मला तेव्हाच कळले. ही मंडळी आपला संग्रह काचेच्या कपाटात ठेवून स्वस्थ बसत नाहीत. तुटलेली दोरी बदलावी, क्षीण झालेल्या लोहचुंबकास पुन्हा चुंबकत्व द्यावे, शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या रेडिओस जोडता यावे म्हणून मध्ये लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवावा, आणि रात्री सर्व शांत झाल्यावर त्यातून दूरचे केंद्र ऐकावे, असा त्यांचा उद्योग चालतो. ह्या लोकांत एक नाव विशेष आदराने घेतले जाते. ते नाव नॅथॅनियल बाल्डविन ह्याचे. १९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रेडिओचा नाद असलेल्या प्रत्येकास ते ठाऊक होते.

बाल्डविनचा जन्म १ डिसेंबर १८७८ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा प्रांतातील फिलमोर नावाच्या लहानशा गावी झाला. उंच डोंगर, रुक्ष माळ आणि मधून मधून पाटाच्या पाण्यावर वाढविलेली शेते, असा तो मुलूख आहे. तेथील बहुतेक वस्ती मॉर्मन पंथाच्या लोकांची होती. हा पंथ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला, आणि जागोजागी छळ झाल्यामुळे पश्चिमेकडे सरकत सरकत १८४७ मध्ये ह्या ओसाड खोऱ्यात येऊन स्थिरावला. बाल्डविनचे वडील ह्या पंथाच्या अगदी आरंभीच्या अनुयायांपैकी होते. अशा घरात वाढलेल्या मुलावर श्रद्धेचा आणि हट्टाचा, असे दोन्ही संस्कार झाले असल्यास नवल नाही. बाल्डविनच्या सबंध आयुष्यात ह्या दोन गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात की, कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते हे सांगणे कठीण पडावे.

शिक्षणासाठी तो प्रथम प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग अ‍ॅकॅडमीत, नंतर लोगन येथील शेतकी कॉलेजात गेला, आणि पुढे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत्-यंत्रशास्त्र शिकला. तेथून परत आल्यावर प्रोव्होच्या आपल्या जुन्या शाळेतच त्यास शिक्षकाची जागा मिळाली. पदार्थविज्ञान आणि धर्मशिक्षण हे दोन विषय तो शिकवीत असे. परंतु ही नोकरी फार काळ टिकली नाही. मॉर्मन पंथात पूर्वी बहुपत्नीकत्वाची चाल होती. ती पंथाच्या अध्यक्षांनी १८९० मध्ये जाहीर रीतीने सोडून दिली. काही जुन्या वळणाच्या लोकांस हा निर्णय कधीच मान्य झाला नाही. बाल्डविन हा त्यांच्या बाजूचा होता, आणि ते मत तो उघडपणे बोलून दाखवी. त्यामुळे १९०५ च्या सुमारास त्यास शाळेतून काढून टाकण्यात आले. नोकरी गेलेल्या शिक्षकाविषयी लिहिताना शिक्षकाचा हात थोडा अडखळतो, हे मी कबूल करतो. त्याचे मत मला मुळीच पटत नाही. परंतु ते लपवून ठेवून नोकरी राखावी, हा सोपा मार्ग त्याने पत्करला नाही, हेही सांगितले पाहिजे. हे मत त्यास पुढे कोठवर घेऊन गेले, ते यथाक्रम येईलच.

नंतर त्याने पोटासाठी जलविद्युत् केंद्रावर काम धरले. डोंगरातील ते काम एकांताचे, आणि फावला वेळही तेथे मिळे. तो वेळ त्याने एका जुन्या अडचणीच्या मागे लावला. सॉल्ट लेक शहरात टॅबर्नॅकल नावाचे एक प्रचंड प्रार्थनागृह आहे. १८६७ मध्ये बांधलेल्या ह्या मंदिराचे छप्पर कासवाच्या पाठीसारखे आहे आणि आतील आवाज चांगला घुमतो अशी त्याची ख्याती आहे. तथापि त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. हजारो लोकांच्या दाटीत बसले असता व्याख्याते काय बोलतात हे बाल्डविनला नीट ऐकू येईना. हा अनुभव ज्यास आला नाही असा मनुष्य विरळा. आपण मागील बाकावर बसतो, मान पुढे काढतो, कानामागे हात धरतो, आणि शेवटी शेजाऱ्यास काय म्हणाले म्हणून विचारतो. बाल्डविनने शेजाऱ्यास विचारण्याऐवजी यंत्र करण्याचे मनावर घेतले. दाबलेल्या हवेच्या साहाय्याने आवाज मोठा करता येईल काय, हे त्याने प्रथम पाहिले. ते करता करता त्याच्या ध्यानात आले की, आवाज मोठा करण्याच्या आधी, कानाशी जे यंत्र धरावयाचे तेच अधिक तरल झाले पाहिजे.

येथे थोडे थांबून त्या यंत्राची रचना पाहू. आमच्या पेटीतील हेडफोन उघडला तेव्हा मुलांना आत जे दिसले, तेच त्या काळच्या बहुतेक सर्व हेडफोनांत असे. एक नालाच्या आकाराचा लोहचुंबक, त्याच्या टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि त्यांच्यासमोर किंचित अंतरावर लोखंडाच्या पातळ पत्र्याची चकती. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह कमीजास्त होऊ लागला की चकतीवरील ओढ कमीजास्त होते, चकती कापते, आणि तिच्या कापण्याने हवा हलून आपणांस आवाज ऐकू येतो. टेलिफोनच्या जन्मापासून, म्हणजे १८७६ पासून, चालत आलेली ही युक्ती आहे. परंतु तिच्यात एक दोष आहे. चुंबक त्या चकतीस आवाज असो वा नसो, सदैव आपल्याकडे ओढीत असतो. चकती आधीच ताणलेली, आत वाकलेली असते. तिला आणखी हलवावयास विजेचा जोर लागतो.

बाल्डविनने ही ओढ चकतीवरून काढूनच घेतली. त्याने लोखंडाची एक बारीकशी पट्टी चुंबकाच्या ध्रुवांच्या मधोमध अशी टांगली की, दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन पट्टी जागच्या जागी तोलून राहावी. पट्टीच्या भोवती तारेचे वेटोळे बसविले. पट्टीच्या टोकास एक सुईसारखी काडी जोडली, आणि त्या काडीचे दुसरे टोक अभ्रकाच्या पातळ चकतीच्या मध्यभागी बसविले. अभ्रकास चुंबक ओढीत नाही. म्हणून ती चकती मोकळी राहते आणि काडी हलवील तशी हलते. वाण्याच्या दुकानातील तागडी पाहा. दोन्ही पारड्यांत शेर शेर वजन असले तरी एका पारड्यात चिमूटभर साखर अधिक पडली की काटा हलतो. कारण मोठी वजने एकमेकांस तोलून धरतात, आणि हलविण्याचे काम त्या चिमटीस तेवढे उरते. बाल्डविनच्या पट्टीचेही असेच होते. अगदी क्षीण प्रवाहानेही ती हलू लागली. श्रवणयंत्रांत आणि कानाच्या आत बसणाऱ्या कित्येक उंची इयरफोनांत ह्याच तत्त्वावरील, पण तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढे यंत्र आजही असते.

हे यंत्र घेऊन तो भांडवलवाल्यांकडे गेला. कोणी लक्ष दिले नाही. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस त्याने कळविले. तेथेही निराशाच पदरी पडली. अखेर १९१० मध्ये त्याने अमेरिकेच्या आरमारास पत्र लिहिले आणि सोबत हेडफोनाची एक जोडी पाठवून दिली. ते पत्र जांभळ्या शाईने, निळ्या व गुलाबी कागदांवर लिहिलेले होते. शिक्षण झालेला मनुष्य सरकारास पत्र लिहिताना असा रंगीत कागद का वापरतो, हे मला उलगडलेले नाही. परंतु कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यास हा कोणी विक्षिप्त गृहस्थ असावा असे वाटल्यास त्यात त्याचा दोष नव्हता. सुदैवाने ते पत्र हेपबर्न नावाच्या ज्या अधिकाऱ्याच्या हाती पडले, त्याने कागदाच्या रंगावरून निकाल न देता हेडफोन कानास लावून पाहिला.

तो लावताच त्याचे डोळे उघडले असले पाहिजेत. कारण त्या वेळची बिनतारी संदेशाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी क्षीण संदेश वाढवून मोठा करणारे व्हॉल्व्ह जहाजांवर प्रचारात आले नव्हते. दूरच्या जहाजाने पाठविलेल्या लहरी एरियलवर येत, एका स्फटिकातून जात, आणि त्यांत जी काही थोडकी शक्ती उरली असेल तेवढीच कानाशी असलेल्या चकतीस हलवी. मध्ये तिला मदत करणारे दुसरे काही नव्हते. समुद्राची गर्जना, एंजिनाची धडधड आणि त्यांतून येणारी मोर्सची बारीक टिकटिक. ती ऐकू आली तर संदेश मिळाला, नाही तर एखादे बुडते जहाज हाक मारीत असतानाही ऐकणारा बहिराच राहणार. अशा ठिकाणी हेडफोन अधिक तरल होणे म्हणजे जहाजाची हाक आणखी दूर पोहोचण्यासारखेच होते.

आरमाराने ह्या हेडफोनाची पारख केली आणि मागणी नोंदविली. त्यावर बाल्डविनचे उत्तर आले की, एका वेळी १० हून अधिक हेडफोनांची मागणी आपणांस घेता येणार नाही. हेडफोन तो आपल्या स्वयंपाकघरात, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी तयार करीत होता. आरमाराची कचेरी आणि स्वयंपाकघराचे टेबल ह्यांची ही गाठ मला फार गमतीची वाटते. ते टेबल दुपारी जेवणासाठी मोकळे करावे लागत असेल, आणि मग ते चुंबक, त्या काड्या नि ती अभ्रकाची पाने कोठे उचलून ठेवीत असतील, हा विचार घरातील कर्त्या बाईंच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

आरमाराची तक्रार एकच होती. हेडफोन ऐकावयास उत्तम, परंतु डोक्यास फार काचतो. तेव्हा बाल्डविनने डोक्यावरची पट्टी बदलली. कातड्याने मढविलेल्या दोन तारा डोक्यावरून घ्याव्या, आणि त्यांच्या टोकांस कानाच्या डब्या अशा बसवाव्या की त्या वर-खाली सरकविता याव्या. ज्याचे जसे डोके, तशी त्याने ती बसवून घ्यावी. बाल्डविनला ही गोष्ट अगदीच क्षुल्लक वाटली. ह्या पट्टीचे पेटंट घ्यावे असे आरमाराच्या अधिकाऱ्यांनी त्यास सुचविले. एवढ्याशा गोष्टीचे कसले पेटंट, म्हणून त्याने ते घेतले नाही. त्या दिवसापासून आजवर जगात जे कोट्यवधी हेडफोन डोक्यावर चढले, त्यांतील बहुतेकांस कानाच्या डब्या वर-खाली करण्याची काही ना काही सोय आहे.

पूर्वेकडील एका बिनतारी यंत्रांच्या कंपनीने त्यास तिकडे येऊन कारखाना काढावयास सुचविले. आपली जन्मभूमी सोडून जाण्यास तो तयार झाला नाही. सॉल्ट लेक शहराच्या कडेस, मिल क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी त्याने आपला कारखाना उभारला. पुढे १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि आरमारास बिनतारी यंत्रांची अतोनात गरज लागली. ज्याच्या स्वयंपाकघरात एका वेळी १० हेडफोन होत, त्याच्याकडे आता मोठमोठ्या मागण्या येऊ लागल्या.

युद्ध संपल्यावर हा व्यवहार मंदावेल असे कोणासही वाटले असते; झाले उलटच. नोव्हेंबर १९२० मध्ये पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल आकाशमार्गे ऐकविले, आणि त्यानंतर अमेरिकेत रेडिओची जणू साथच पसरली. जागोजाग केंद्रे निघाली. घरोघरी मुले पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर तार गुंडाळून स्फटिकाचे संच करू लागली. त्या संचांना व्हॉल्व्ह नाही, बॅटरी नाही. ध्वनिक्षेपक चालविण्याची ताकद त्यांत कोठून असणार? हेडफोन हेच सर्वस्व होते. १९२२ च्या सुमारास बाल्डविनच्या कारखान्यात सुमारे १५० माणसे काम करीत होती, आणि वर्षाची उलाढाल २० लक्ष डॉलरांच्या घरात गेली होती. आपल्या मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा येथील श्रोत्यांपैकीही पुष्कळांनी पहिले गाणे असेच स्फटिकाच्या संचावर, हेडफोन कानास लावून ऐकले.

लोकांच्या करामतीची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. संचातील आवाज एकट्यानेच का ऐकावा, घरातील सर्वांस का मिळू नये, म्हणून हेडफोन एखाद्या मोठ्या वाडग्यात किंवा पातेल्यात ठेवीत आणि सगळे कुटुंब त्याभोवती डोकी जमवून बसे. भांड्यात आवाज घुमून थोडा मोठा होई. पुढे व्हॉल्व्हचे संच आले तेव्हा बाल्डविनच्या डबीचा आणखी एक उपयोग निघाला. अभ्रकाच्या चकतीमुळे ती अधिक जोराचा आवाज सोशी. म्हणून जोडीतील एक डबी काढून ती ग्रामोफोनच्या कर्ण्याच्या बुडाशी लावीत, की झाला ध्वनिक्षेपक. बाल्डविननेही मग अशा कर्ण्यांसाठी खास डब्या विकावयास काढल्या. म्हणजे जुन्या हेडफोनात फेरफार करण्याचा छंद हा आजचा नव्हे. हेडफोन नवे होते तेव्हाच लोक तो करू लागले होते.

आता ह्या चरित्रातील दुःखाचा भाग येतो. धंद्यात आलेला पैसा बाल्डविनने स्वतःच्या चैनीत घालविला नाही. कामकरी नेमताना, आणि कारभारी निवडताना, तो आपल्या मताच्या माणसांस जवळ करी. बहुपत्नीकत्वाच्या मतामुळे ज्यांस पंथाने दूर केले होते, नोकऱ्या मिळेनाशा झाल्या होत्या, अशांना त्याच्या कारखान्यात आसरा मिळाला. स्वतः ह्याच कारणाने नोकरी गमावलेल्या मनुष्याने असे करावे हे समजण्याजोगे आहे. परंतु आसरा देणे निराळे आणि तिजोरीच्या किल्ल्या देणे निराळे. ह्या मंडळींच्या हाती ओमेगा नावाची गुंतवणुकीची एक कंपनी होती. बाल्डविनच्या पैशाच्या आणि नावाच्या आधारावर तिने अनेक उद्योगांत हात घातले. हे उद्योग त्या मताच्या प्रसारासाठी होते असे बाल्डविन समजत होता. पैसा गेला तो परत आला नाही. १९२४ मध्ये कारखाना न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला. रेडिओची भरभराट तेव्हा कोठे रंगात येत होती.

हिशेब येथेच संपला नाही. कंपनीचे शेअर टपालाने विकताना लोकांस फसविले, असा खटला त्याच्यावर आणि इतरांवर झाला. १९३० च्या सुमारास त्यास दोषी ठरवून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या मॅक्नील बेटावरील तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे त्याने दोन वर्षे काढली. ज्या माणसाने पट्टीचे पेटंट क्षुल्लक म्हणून सोडून दिले, त्याच्यावर द्रव्यलोभाने फसवणूक केल्याचा डाग यावा, हे वाचताना मन विषण्ण होते. कित्येक लोक म्हणतात की, पट्टीचे पेटंट घेतले असते तर तो श्रीमंत राहिला असता. मला तसे वाटत नाही. ते पैसेही त्याच लोकांच्या हाती गेले असते. मैलोगणती अंतरावरून येणारी टिकटिक ऐकू यावी असे यंत्र त्याने केले. परंतु आपल्याच कचेरीत काय बोलले जाते, तिकडे त्याने कान दिला नाही. आणि शेअर घेणाऱ्या ज्या सामान्य माणसांनी आपली शिल्लक गमावली, त्यांच्याकडे पाहता बाल्डविन भोळा होता एवढे म्हणून त्यास सोडून देणेही बरोबर होणार नाही. आपल्या नावावर काय विकले जात आहे, हे पाहण्याचे काम त्याचे होते.

तुरुंगातून तो सुटला तेव्हा त्याच्यापाशी काही उरले नव्हते. हेडफोनांची जागाही तोवर ध्वनिक्षेपकांच्या संचांनी घेतली होती. यापुढची जवळजवळ तीस वर्षे त्याने सॉल्ट लेक परिसरातच गरिबीत काढली. १९ जानेवारी १९६१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला. ओढ्याकाठची कारखान्याची इमारत मात्र पडली नाही. पुढे तिचे ऐतिहासिक महत्त्व ओळखून तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली.

आणि त्याचे हेडफोन उरले. जुन्या सामानाच्या बाजारात, माळ्यावरच्या पेट्यांत ते सापडतात, आणि संग्राहक ते मोठ्या हौसेने घेतात. बाल्डविनचा हेडफोन घेणारा मनुष्य प्रथम टोपण फिरवून अभ्रक पाहतो. ते तडकलेले नसेल तर पुढे दोन्ही डब्यांचा विद्युत्-रोध मोजतो. त्या काळच्या चांगल्या जोडीचा रोध २००० ओह्म किंवा अधिकही असे. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ हेडफोनांचा ३२ ओह्मच्या आसपास असतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर का लागतो ते ह्यावरून कळेल. मोजणी अनंत रोध दाखवू लागली, प्रवाह जातच नाही असे झाले, तर घाबरू नये. पुष्कळदा दोष दोरीत असतो. जुन्या दोऱ्यांत साधी तार नसे. सुताभोवती धातूची अतिशय बारीक पट्टी गुंडाळून, आपल्या जरीकामातील कलाबतूसारखा धागा केलेला असे. तो कितीही वाकविला तरी लवकर तुटत नाही. पण एकदा तुटला की त्यास नेहमीच्या रीतीने डाग देता येत नाही, बारीक तारेने करकचून बांधून मग वर डाग द्यावा लागतो. व्हॉल्व्हच्या संचास हेडफोन जोडताना दोरीतील रंगीत धाग्याची खूण पाहून धन टोक कोणते ते ओळखावे, नाही तर प्रवाह उलटा जाऊन चुंबकाचे बळ हळूहळू कमी होते. अशा जुन्या संचांतील वीज जीवघेणीही असू शकते. म्हणून आमच्या मंडळात स्फटिकाच्या संचाशिवाय दुसरा संच मी मुलांच्या हाती देत नाही. पालकांनीही ह्या बाबतीत लक्ष ठेवावे अशी विनंती आहे.

काही लोक जुन्या डब्यांतील यंत्र काढून टाकून त्यांत आजचे नवे यंत्र बसवितात. बाहेरून जुना देखावा, आतून नवा आवाज. बिघडलेल्या, दुरुस्त न होणाऱ्या हेडफोनाचे तसे करण्यास माझी हरकत नाही. परंतु चालू असलेल्या बाल्डविनच्या डबीतून ती तोललेली पट्टी उपटून टाकणे मला सहन होत नाही. ज्यासाठी ती डबी ठेवावयाची, तेच मग तिच्यात उरत नाही.

आमच्या हेडफोनाचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. तो बाल्डविनचा नव्हता, हे लोखंडी चकतीवरून वर आलेच आहे. मुलांनी नवी दोरी घातली, पोलादी पट्टीवरील गंज घासला. पुढचे काम नाजूक म्हणून ते मी माझ्याकडे घेतले, आणि उजव्या डबीतील स्क्रू सोडविताना माझ्याच हातून स्क्रू-ड्रायव्हर निसटून वेटोळ्याची तार तुटली. मुले काही बोलली नाहीत. त्यामुळे अधिकच वाईट वाटले. डावी डबी शाबूत आहे. एका संध्याकाळी शाळेच्या गच्चीवरून पिंपळापर्यंत एरियल बांधले, आणि पाळीपाळीने प्रत्येकाने ती कानास लावली. मुंबईच्या केंद्राच्या मराठी बातम्या अगदी बारीक, पण शब्द कळतील एवढ्या ऐकू आल्या. तारेचे तुटलेले टोक वेटोळ्यातून अर्धा फेरा उलगडून काढता येईल काय, हे आठवीतील दोघीजणी सध्या भिंग घेऊन पाहत आहेत.